पांढरीची माती : पालकवाडी ते सेवाग्राम

नोकरीतल्या शेवटच्या वर्षी मी आठवीच्या मुलींना घेऊन सेवाग्राम आश्रमात गेलो होतो. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. पावसाळ्याने सोललेल्या एका कुटीच्या भिंतीला दोन बाया माती लावत होत्या. एक जण घमेल्यातला चिखल हाताने भिंतीवर फेकून पसरवत होती, दुसरी मागून ओल्या फडक्याने तो सारखा करत होती. मुली माझ्या ठरलेल्या भाषणाकडे पाठ फिरवून ते काम पाहत उभ्या राहिल्या. त्यातली एक वळून म्हणाली, ''सर, दर वर्षी अशी माती लावतात, तर मग बापूंनी पाहिली ती भिंत हीच आहे का?''

मी म्हणालो, ''हीच आहे.'' एवढे बोलून पुढच्या कुटीकडे निघालो. उत्तर चुकले होते, हे मला चालता चालताच कळले. इतिहासाच्या शिक्षकाला त्यात खरे तर दोन प्रश्न ऐकू यायला हवे होते : इमारत म्हणजे तिचा माल, की तिची राखण? आणि ज्या इमारतींची राखण कोणी केली नाही, त्यांचा इतिहास कुठे शोधायचा? निवृत्तीनंतरची काही वर्षे मी वर्धा शहर आणि त्याच्या आसपासच्या वास्तू याच प्रश्नांच्या सोबतीने पायी हिंडून पाहिल्या. हा लेख त्या हिंडण्याचा आहे.

पुसलेले गाव

वर्धा हे ठरवून वसवलेले शहर आहे, आणि त्याचे वय पुरते १६० वर्षांचे. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याआधी नऊ वर्षांपूर्वी नागपूरकर भोसल्यांचे राज्य संपले होते आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला होता. नव्या जिल्ह्याचे ठाणे सुरुवातीला पुलगावजवळच्या कवठ्याला होते. चार वर्षांतच, १८६६ मध्ये, ते पालकवाडी नावाच्या लहान खेड्याच्या जागी हलवण्यात आले. पालकवाडीची घरे काढून तिथे नवे शहर आखले गेले आणि त्याला जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या नदीचे नाव मिळाले. नदी शहरापासून दूर आहे. वर्ध्याला पहिल्यांदा आलेला पाहुणा ''नदी कुठे?'' म्हणून विचारतो, तेव्हा त्याला हा इतिहास सांगावा लागतो.

कवठा सोडून पालकवाडी का, याचे उत्तर कापसात आणि रुळांत आहे. १८६१ ते १८६५ ही अमेरिकेतल्या यादवी युद्धाची वर्षे. तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहू लागल्या आणि साऱ्यांच्या नजरा वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीकडे वळल्या. हिंगणघाटच्या बाजारातला कापूस त्या गावाच्याच नावाने विलायतेच्या बाजारात ओळखला जाई. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून निघालेला मार्ग पूर्वेकडे सरकत होता. १८६७ मध्ये तो नागपूरला पोचला. पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसा खाणीकडे फाटा गेला. कापूस आणि कोळसा या दोन्ही काळ्या-पांढऱ्या वाटा जिथे मिळाल्या, तिथे जिल्ह्याचे ठाणे बसले.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. वर्ध्याविषयीच्या लेखांत आणि माहितीपत्रकांत एक वाक्य हमखास भेटते : शहराची आखणी सर बॅचलर आणि सर रेजिनाल्ड क्रॅडॉक या इंग्रज वास्तुविशारदांनी केली. मी वीसेक वर्षे हे वाक्य फळ्यावर लिहीत आलो. निवृत्तीनंतर सहज म्हणून क्रॅडॉकसाहेबांचे चरित्र पाहिले. त्यांचा जन्म १८६४ चा. पालकवाडीच्या जागी शहर आखले गेले, तेव्हा ते दोन वर्षांचे होते. ते वास्तुविशारदही नव्हते. सनदी नोकरीतले अधिकारी होते आणि १९०७ ते १९१२ या काळात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. मोठ्या साहेबाचे नाव आधीच होऊन गेलेल्या कामाला मागाहून चिकटणे आपल्याकडे नवे नाही. ज्यांनी दोरी धरून रस्ते आखले, ज्यांनी खड्डे खणले, त्यांची नावे त्या वाक्यात कधीच नव्हती. चूक लहान आहे, पण तिने मला एक सवय लावली : कुठल्याही वास्तूपुढे उभे राहिल्यावर 'कोणी बांधली' याच्या आधी 'इथे आधी काय होते' हे विचारायचे.

पालकवाडीच्या बाबतीत या प्रश्नाला हाती काही लागत नाही. एक घर, एक विहीर, एक पार असा दाखवता येईल असा अवशेष शहरात मला भेटला नाही. आपल्या भाषेत गावाच्या दोन जमिनी असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी हा शब्द नुसता रंगाचा नाही. काळी माती भिजली की फुगते, सुकली की तडकते. तिची भिंत उभी राहत नाही. म्हणून घराला गावठाणातली पांढरट माती लागते. पिढ्यानपिढ्या घरे पडतात, त्याच मातीतून पुन्हा उठतात, चुलीची राख आणि गुरांचे शेण तीत मिसळत राहते, आणि पांढरी आणखी पांढरी होत जाते. पालकवाडीची पांढरी आज डांबर आणि काँक्रीटखाली आहे. जिल्ह्याचे मुख्यालय त्या मातीवर उभे आहे, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

कापसाचे शहर

नवे शहर सरळ रुंद रस्त्यांचे, कचेऱ्यांचे आणि कापसाच्या बाजाराचे झाले. १९०१ च्या जनगणनेत त्याची वस्ती जेमतेम दहा हजारांच्या घरात होती. पण हंगामात चारही दिशांनी बंड्या येत. सरकी वेगळी करणारे जिनिंग आणि रुईच्या गठाणी बांधणारे प्रेसिंग, ही वर्ध्याची, हिंगणघाटची, पुलगावची आणि आर्वीची खरी वास्तुशैली म्हणायला हवी : लांबट कौलारू किंवा पत्र्याच्या शेडा, विटांच्या जाड भिंती, एक उंच धुराडे आणि मध्ये बंड्या वळतील एवढे मोकळे आवार. हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंद यांची कापड गिरणी १८८१ मध्ये सुरू झाली. पुलगावलाही गिरणी उभी राहिली आणि तिच्या भोंग्यावर गावाची घड्याळे लागत.

या वास्तूंना वारसा म्हणून कोणी पाहत नाही. धुराडे पाडायला माणसे मिळतात, त्याची उंची लिहून ठेवायला मिळत नाहीत. विटा विकल्या जातात, सागाच्या तुळया फर्निचरवाल्याकडे जातात, आवारात प्लॉट पडतात. मी यात कोणाला दोष देत नाही. ज्या आवारात आपल्या आजोबांच्या कापसाला कवडीमोल भाव मिळाला, त्या आवाराविषयी कास्तकाराच्या नातवाला माया का वाटावी? पण विदर्भाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास लिहायचा, तर त्याची मूळ कागदपत्रे याच शेडा आहेत.

कापसाच्या पैशातूनच वर्ध्याची सर्वांत प्रसिद्ध देवळाची वास्तू उभी राहिली. बच्छराज बजाज हे राजस्थानातून आलेल्या घराण्यातले वर्ध्याचे बडे शेठ. त्यांनी सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला एक लहान मुलगा नातू म्हणून दत्तक घेतला. १८८९ मध्ये जन्मलेला हा मुलगा म्हणजे जमनालाल. सतरा वर्षांचे असताना आजोबांनी पैशावरून टाकून बोलल्यावर त्यांनी सगळ्या मालमत्तेवर पाणी सोडणारे पत्र लिहिले आणि घर सोडले. पुढे समजूत पटून ते परत आले, पण 'हा पैसा माझा नाही, मी फक्त सांभाळतो' ही भावना मनातून गेली नाही. गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीच्या विचाराला असा तयार माणूस मिळाला.

बजाज घराण्याने बांधलेले लक्ष्मीनारायणाचे मंदिर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. संगमरवर, शिखर, सभामंडप : अशी देवळे मारवाडी पेढ्यांच्या प्रत्येक गावी आहेत. वास्तू म्हणून ते नेटके आहे, असाधारण नाही. ते इतिहासात गेले जुलै १९२८ मध्ये, जमनालालजींनी त्याचे दरवाजे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले त्या दिवशी. साल लक्षात घ्या. महाडचा सत्याग्रह होऊन वर्षच झाले होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह व्हायला दोन वर्षे बाकी होती. ज्यांनी देऊळ बांधले त्यांच्याच घरातल्या माणसाने, जातभाईंचा विरोध पत्करून, दार उघडले. या एका दाराने पाण्याचा आणि माणुसकीचा प्रश्न सुटला नाही, हे खरेच. पण देवळाचे खरे बांधकाम कोणत्या वर्षीचे मानायचे, असे मला कोणी विचारले तर मी १९२८ म्हणेन. त्या दिवशी एकही दगड हलला नव्हता.

दिलेली घरे

वर्ध्याच्या पुढच्या सगळ्या ऐतिहासिक वास्तूंना हाच नियम लागू पडतो. त्या ज्या कामासाठी बांधल्या, त्यासाठी नव्हे, तर ज्या कामाला देऊन टाकल्या त्यामुळे त्या ओळखल्या जातात.

विनोबा ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्याला आले आणि सत्याग्रह आश्रमाचे काम सुरू झाले. गांधीजी १९३३ च्या सप्टेंबरात आले. १९३० मध्ये दांडीला निघताना, स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असे त्यांनी सांगितले होते. त्यामुळे ते तीन वर्षे बिनघराचेच होते. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी त्यांचा हरिजन दौरा वर्ध्याहूनच निघाला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जमनालालजींनी आपली संत्र्याची बाग आणि तिच्यातला बंगला संघाला देऊन टाकला. त्याचे नाव मगनवाडी ठेवण्यात आले, १९२८ मध्ये वारलेल्या मगनलाल गांधींच्या आठवणीसाठी. १९३५ मध्ये गांधीजी या बंगल्यात राहायला आले.

मगनवाडीत आज फिरताना बंगला पाहायचा असेल तर घाईच्या नजरेने पाहू नये. त्यात शोभेचे फार काही नाही. पण अर्थशास्त्र शिकून आलेले जे. सी. कुमारप्पा याच आवारात तेलाच्या घाण्यावर, हातकागदावर, मधमाशांवर आणि गुळावर प्रयोग करत बसत. कोणता घाणा बैलाला कमी दमवतो आणि पेंडीत किती तेल मागे ठेवतो, हा इथला संशोधनाचा विषय होता. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. राजाची तलवार आणि राणीची पालखी यांच्याऐवजी चरखे, घाणे, हातमाग, चुली मांडणारे हे संग्रहालय. तिथे मांडलेल्या वस्तू जुन्या म्हणून ठेवलेल्या नव्हत्या. वापरून पाहाव्यात म्हणून ठेवलेल्या होत्या.

शहरातच मारवाडी शिक्षण मंडळाची शाळा होती, जी नवभारत विद्यालय झाली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती आणि आता मुलांना शिकवायचे काय हा प्रश्न खरोखरीचा झाला होता. झाकिर हुसेन यांच्या समितीने पुढे तयार केलेली योजना देशभर 'वर्धा योजना' म्हणून गाजली : मातृभाषेतून, सात वर्षे, एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने शिक्षण. शिक्षक म्हणून मला याचा अभिमान आहे आणि थोडी लाजही. ज्या गावाचे नाव त्या योजनेला मिळाले, त्याच गावात मी पस्तीस वर्षे खडू आणि फळा याखेरीज हातात काही न धरता शिकवले.

बजाजवाडी ही जमनालालजींची पाहुण्यांची वाडी. देशातला कोणताही पुढारी वर्ध्याला उतरला की तिथे जेवायला असे. काँग्रेस कार्यकारिणीच्या कितीतरी बैठका वर्ध्यात झाल्या. १४ जुलै १९४२ रोजी इंग्रजांनी भारतातून निघून जावे असा ठराव कार्यकारिणीने इथेच केला. मुंबईच्या गवालिया टँकवर ८ ऑगस्टला जे घडले, त्याचा मसुदा वर्ध्याच्या पावसात तयार झाला होता. तो पाहायला जमनालालजी नव्हते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले होते. शेवटचे महिने त्यांनी गोपुरीला झोपडीत राहून गोसेवेत घालवले. बंगले देत देत माणूस झोपडीपर्यंत आला होता.

शंभर रुपयांची मर्यादा

शेगाव हे वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरचे खेडे. जमनालालजी तिथले मालगुजार. मीराबेन तिथे आधी राहायला गेल्या होत्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून चालत शेगावला पोचले. एप्रिलअखेरचे आमच्याकडचे ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना या चालण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तेव्हा गांधीजी सदुसष्टाव्या वर्षात होते.

राहण्याच्या जागेविषयी त्यांच्या अटी होत्या : खर्च शंभर रुपयांवर जाऊ नये, माल आसपासच्या गावांतलाच असावा, कारागीर तिथलेच असावेत. त्यातून आदी निवास उभा राहिला. मातीच्या भिंती, सागाच्या आणि बांबूच्या वाशांवर हाताने घडवलेली कवेलू. कस्तुरबा, गांधीजी, सहकारी, आले-गेले पाहुणे सगळे त्या एका मोठ्या खोलीत. ज्या झोपडीला आपण आज बापू कुटी म्हणतो, ती मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधली होती. भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे, मोर, चरखा आणि ॐ हे त्यांच्याच हातचे. गर्दीने आदी निवासात काम होईना, म्हणून गांधीजी तिथे गेले. म्हणजे जगातली ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध मातीची झोपडीही 'दिलेले घर'च आहे.

शेगावला येणारी पत्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या गजानन महाराजांच्या शेगावला जात. म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. बाहेरचे जग पत्रांनी, तारांनी आणि माणसांनी इथे येत राहिले. व्हाइसरॉयला गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून टेलिफोन बसवण्यात आला. त्याच आवारात साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि सापाला लांब नेऊन सोडण्यासाठीचा पिंजरा होता. आजही दोन्ही वस्तू पाहता येतात. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमाच्या दारात आले, तेव्हा त्यांच्यासाठी एक कुटी बांधली गेली आणि गांधीजी स्वतः त्यांना मालीश करत. ती कुटीही आहे. २५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी दिल्लीला निघाले. परत येण्याचा बेत होता. ते आले नाहीत.

मातीच्या घराचा बांधणीखर्च कमी असतो, पण ते कधीही बांधून संपत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. मृगाआधी घर शाकारावे लागते. वानरे उड्या मारून कवेलू फोडतात, ती बदलावी लागतात. पागोळ्यांच्या माऱ्याने भिंतीचा पायथा खचतो, तो पुन्हा भरावा लागतो. वाळवी वाशात शिरते. पाऊस संपला की भिंत पोतारायची, जमीन सारवायची. दगडी किल्ला शंभर वर्षे विसरला तरी भग्नावशेष म्हणून उभा राहतो. मातीची कुटी दोन-तीन पावसाळे विसरली तर तिचे टेकाड होते. बापू कुटी आज उभी आहे ती गांधीजी तिथे राहिले म्हणून नाही; ते गेल्यानंतरच्या प्रत्येक वर्षी कोणीतरी तिला हात लावला म्हणून. वाशे बदलले असतील, कवेलू तर नक्कीच बदलली. विचारवंत इव्हान इलिच यांचे नाव या कुटीशी जोडले जाते. १९७८ मध्ये ते इथे आले होते आणि घर आणि सामानाचे गोदाम यांतला फरक त्यांनी या कुटीत बसून मांडला. मला मात्र त्यांच्याइतकीच आठवण त्या दोन बायांची येते. त्यांनी चिखलात किती शेण, किती भुसा घातला हे मी विचारायला हवे होते.

पवनार : पडलेल्या भिंतींचे पुस्तक

राखण संपली की काय होते, ते पाहायला पवनारला जावे. नागपूर रस्त्यावर, वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी. इतिहासाचार्य वा. वि. मिराशी यांनी वाकाटक सम्राट दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असे ताम्रपटांच्या आधारे मांडले. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात पवनार हे सरकारचे ठाणे होते. 'आईन-ए-अकबरी'त त्याची नोंद आहे. किल्ल्याचा दरवाजा अजून दिसतो. पवनार, मग कवठा, मग पालकवाडी : या भागाचे ठाणे असे फिरत आले आहे. वर्ध्याचा मान कायमचा आहे असे मानायला इतिहासात काही आधार नाही.

१९३८ च्या मार्चमध्ये प्रकृती खालावलेले विनोबा पवनारला जमनालालजींच्या लाल बंगल्यात आले. ताकद यावी म्हणून ते शेत खणू लागले आणि कुदळीखाली मूर्ती निघू लागल्या. त्यातले भरत-राम भेटीचे शिल्प विनोबांच्या मनात खूप आधी गीतेवर बोलताना उमटलेल्या चित्रासारखे निघाले, म्हणून त्यांना ते विशेष वाटे. त्या मूर्ती आज परंधाम आश्रमाच्या भिंतींत बसवलेल्या आहेत. १९५९ मध्ये तिथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारच्या पांढरीत शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि वाकाटकांच्याही आधीपासूनच्या वस्तीचे थर उघडे केले.

ते थर म्हणजे काय? पडलेली घरे. एक भिंत विरघळली, तिच्यावर दुसरी उठली, तीही विरघळली. मधे फुटलेली मडकी, मणी, राख. पुरातत्त्वाचा विद्यार्थी ज्याला थर म्हणतो, ते एके काळी कोणाच्यातरी आईने सारवलेले आंगण होते. मातीच्या घरांचे नाव टिकत नाही, पण त्यांची माती पुसता येत नाही. पालकवाडीखालीही असे काही थर असणारच. त्यांच्यावर बसून आम्ही जिल्ह्याचा कारभार करतो.

माझी भिंत

इतके लिहिल्यावर एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. देवळीकडच्या एका खेड्यात आमचे घर होते. आजोबांनी बांधलेले, पांढऱ्या मातीचे, पुढे ओसरी, वर कवेलू. आई होती तोवर ते दर दिवाळीला पोतारले जाई. ती गेल्यावर दोन पावसाळे कोणी शाकारले नाही. मागच्या भिंतीला पोट आले. भावाने विचारले, ''दादा, पाडू का?'' मी इतिहासाचा मास्तर. वर्गात वारसा-संवर्धनावर तास घेणारा. मी फोनवर म्हणालो, ''पाड. कोण राहणार आहे तिथे?'' एका सकाळी यंत्र आले आणि चहा होईपर्यंत घर खाली बसले. माती पांढरी, जुनी, राखेने आणि शेणाने मुरलेली. पिकाला चांगली असते म्हणून भावाने ती वावरात टाकली. माझ्याजवळ बापू कुटीचे शेकडो फोटो आहेत. आमच्या घराचा एकही नाही. त्याची लांबी-रुंदी मी मोजली नाही, वाशे किती होते मोजले नाहीत, ओसरीच्या खांबावर काय कोरले होते तेही आता आठवत नाही. पालकवाडीची नोंद ठेवली नाही म्हणून इंग्रज कारकुनाला नावे ठेवण्याचा अधिकार मी असा गमावला.

त्या मुलीला आज मी सांगेन : नाही बाळा, ही ती भिंत नाही. बापूंनी पाहिलेली माती केव्हाच पावसाने वाहून नेली. पण ती जागा, तो आकार, ते लावण्याचे हात एका वर्षाचाही खंड न पडता चालत आले आहेत, आणि तू ज्या बायांकडे पाहत होतीस त्या या इमारतीच्या इतिहासाचा भाग आहेत. त्यांची नावे विचारून ये आणि वहीत लिही.

आमच्या घराचा गोठा तेवढा शिल्लक आहे. भाऊ त्यात बैलजोडी बांधतो, म्हणून तो पडला नाही. यंदा नवरात्रानंतर मी गावी गेलो आणि वहिनीला म्हणालो, मला पोतारायला शिकवा. ती हसली. मी वही काढून विचारले, मातीला शेण किती, पाणी किती? ती म्हणाली, ''भाऊजी, हाताले समजते ते.'' मग मी वही खिशात घातली आणि बाह्या वर केल्या. वावरात टाकलेल्या मातीचा पांढरा पट्टा कपाशीच्या ओळींमधून अजून दिसतो. तिथेच कवेलूचा एक तुकडा सापडला. त्याच्या पाठीवर कुंभाराच्या बोटांचे चार ठसे आहेत. गोठ्याची भिंत मोजून घेतली आहे : लांबी पावणेबारा हात, उंची साडेचार. दिवाळीच्या आधी तिचा एक फोटोही काढला.